धरणातून जास्त पाणी सोडा: डेलावेअरच्या ट्राउट नद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूजर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात राहणारी, सुट्टीच्या दिवशी कॅट्सकिलच्या डोंगरात गळ घेऊन जाणारी मराठी मंडळी आता बरीच झाली आहेत. नदीवर गेलं की एखाद्या फलकावर नाहीतर एखाद्या स्थानिक गळकऱ्याच्या तोंडून ‘विसर्ग वाढवा’, म्हणजे ट्राउट माशांसाठी धरणातून जास्त पाणी सोडा, ही मागणी कानावर पडतेच, आणि मग प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. आकडे शक्य तिथे क्युसेक आणि टीएमसीत दिले आहेत, कारण जुलै-ऑगस्टमधल्या मराठी वर्तमानपत्रांनी ती मापं आपल्या अंगवळणी पाडली आहेत.

१. ट्राउट हा थंड डोंगरी पाण्यातला मासा. मग तो धरणाच्या खाली कसा काय सापडतो?

खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं पाणी उन्हाने तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. तळाशी हिवाळ्यापासून साठलेलं जड, गार पाणी असतं. धरणाचा विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, तळाजवळ असेल तर ऐन जुलैमध्येही त्यातून ५ ते ९ अंश सेल्सिअसचं पाणी बाहेर पडतं. त्यामुळे धरण होण्याआधी जो पट्टा उन्हाळ्यात ट्राउटसाठी फार कोमट व्हायचा, तोच आता वर्षभर गार राहू शकतो. अट एकच, गार पाणी पुरेसं सुटलं पाहिजे. थोडंसं सोडलं तर ते दगडधोंड्यांत पसरून काही मैलांतच तापतं. या सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

२. इथे नेमक्या कोणत्या धरणांबद्दल आणि नद्यांबद्दल बोललं जातं?

न्यूयॉर्क शहराच्या मालकीची तीन धरणं. नेव्हरसिंक नदीवरचं नेव्हरसिंक, डेलावेअरच्या पूर्व शाखेवरचं पेपॅक्टन आणि पश्चिम शाखेवरचं कॅननसव्हिल. पहिली दोन १९५०च्या दशकाच्या मध्यात वापरात आली, कॅननसव्हिल १९६४ मध्ये. पेपॅक्टनची क्षमता सुमारे १८.७ टीएमसी, कॅननसव्हिलची १२.८ आणि नेव्हरसिंकची ४.७. तिन्ही मिळून साधारण ३६ टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास जातात, यावरून अंदाज यावा.

पूर्व आणि पश्चिम शाखा हॅन्कॉक गावापाशी मिळतात आणि तिथून मुख्य डेलावेअर सुरू होते. या मुख्य नदीवर समुद्रापर्यंत एकही धरण नाही. नेव्हरसिंक बरीच खाली, पोर्ट जर्विसला येऊन मिळते. ट्राउटची चर्चा होते ती दोन्ही शाखा, नेव्हरसिंक आणि हॅन्कॉकखालचा मुख्य नदीचा वरचा पट्टा यांच्याबद्दल.

ही धरणं बांधताना कॅननसव्हिल, पेपॅक्टन, अरीना, शेव्हरटाउन अशी गावं पाण्याखाली गेली. कोयनेच्या किंवा पानशेतच्या विस्थापितांच्या घरात वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या खोऱ्यातल्या लोकांनी शहरासाठी जमीन दिली. निदान धरणाखालची नदी तरी जिवंत राहावी, ही त्यांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते.

३. पाणी तर रोज सुटतंच. मग ‘जास्त सोडा’ ही मागणी कशासाठी?

सुरुवातीची स्थिती माहीत असली की मागणी समजते. धरणं झाली तेव्हा नदीच्या वाट्याला ठेवलेला किमान विसर्ग नाममात्र होता. कॅननसव्हिलमधून उन्हाळ्यात २३ क्युसेक, हिवाळ्यात ८. पेपॅक्टनमधून १९ आणि ६. नेव्हरसिंकमधून १५ आणि ५. ज्या पात्रातून एके काळी शेकडो क्युसेक वाहायचे, तिथे ओढ्याएवढी धार उरली.

१९७०च्या दशकात गळकरी आणि नदीकाठचे रहिवासी संघटित झाले. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा करून राज्याच्या पर्यावरण खात्याला या विसर्गावर नियम घालण्याचा अधिकार दिला. तिथून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढत गेला. २००७ मध्ये ‘लवचीक प्रवाह व्यवस्थापन कार्यक्रम’ आला. त्यात जलाशयात किती साठा आहे आणि कोणता महिना आहे, यावर विसर्ग ठरतो. साठा चांगला असलेल्या उन्हाळ्यात आता कॅननसव्हिलमधून काही शे क्युसेक सुटतात. म्हणजे लढा फुकट गेला नाही. आजची मागणी पुढची आहे. विसर्ग उष्णतेच्या लाटेतही पुरावा आणि एका रात्रीत कोसळू नये, ही ती मागणी (प्रश्न ६ आणि ७ पाहा).

४. ट्राउटला पाणी किती गार लागतं?

साधारण १० ते १८ अंश सेल्सिअसमध्ये तो खातो, वाढतो, तब्येतीत असतो. २० अंशांच्या वर त्याला धाप लागते, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. २४-२५ अंशांवर तासन्‌तास राहिला तर मरतो. तपकिरी ट्राउट किंचित जास्त सोसतो, ब्रुक ट्राउट सगळ्यांत कमी.

उष्णतेच्या दिवसांत मासे थंड ओढ्यांच्या मुखाशी गर्दी करतात. तिथे गळ टाकणं मी गैरच मानतो. जवळ थर्मामीटर ठेवा. २० अंश दिसले की गळ गुंडाळा, मासा सोडून देणार असलात तरी. दमवलेला मासा कोमट पाण्यात सोडला तर तो तुमच्या नजरेआड गेल्यावर मरतो.

५. मग किती क्युसेक पुरेत?

एक आकडा सांगता येत नाही, कारण प्रत्येक नदीचं पात्र वेगळं. तरी दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात.

पहिली अशी की सुरुवातीचे क्युसेक सर्वांत मोलाचे असतात. विसर्ग ५० वरून १५० वर गेला की उघडे पडलेले काठ भिजतात, किड्यांना दगड मिळतात, माशांना आडोसा मिळतो. तोच ९०० वरून १,००० वर गेला तर पात्रात फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे रोज प्रचंड पाणी सोडा अशी मागणी कोणी जाणता करत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा उष्णतेची लाट आली आणि कॅननसव्हिलमधून पाच दिवस रोज ३०० क्युसेक जादा सोडले. हे सगळं मिळून ०.१३ टीएमसी होतं, म्हणजे त्या जलाशयाच्या क्षमतेच्या एक टक्का. एवढ्यात काही मैलांची नदी वाचू शकते. उलट १५ जून ते १५ सप्टेंबर सरसकट २०० क्युसेक जादा सोडले तर १.६ टीएमसी लागतात, म्हणजे जलाशयाचा आठवा हिस्सा. ही रक्कम लहान नाही. कोरड्या वर्षात ती शहराला बोचेल.

म्हणूनच चार राज्यं आणि न्यूयॉर्क शहर यांच्यातल्या २०१७च्या करारात (प्रश्न ८ पाहा) तापमानासाठी पाण्याची एक वेगळी शिल्लक राखून ठेवलेली आहे. ती क्युसेक-दिवसांत मोजतात, म्हणजे एक क्युसेक दिवसभर सोडला की शिल्लकीतून एक वजा. उन्हाचा अंदाज आला की पर्यावरण खातं त्यातून पाणी मागतं. हॅन्कॉकच्या खाली लॉर्डव्हिलला नदीचं तापमान २४ अंशांच्या आत राहावं, हे उद्दिष्ट. कल्पना उत्तम आहे, पण उंबरठा माझ्या मते चुकीच्या जागी आहे. २४ अंशांना ट्राउट जेमतेम जिवंत असतो, हे वर आलंच. आणि शिल्लक मोठ्या उन्हाळ्यात ऑगस्ट सरायच्या आत संपू शकते.

६. पाऊस पडला की लगेच धरणाचा विसर्ग कमी करतात. हे उलटंच नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि नदीवर उभं राहिलेल्या कोणालाही पडावा असाच आहे.

कारण मॉन्टेग्यूला आहे. न्यूजर्सीतल्या या ठिकाणी डेलावेअरमध्ये १,७५० क्युसेक वाहिलेच पाहिजेत, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५४चा हुकूमनामा सांगतो. नैसर्गिक प्रवाह कमी पडला की तूट शहराने आपल्या धरणांतून भरून द्यायची. त्यासाठी ‘रिव्हर मास्टर’ म्हणून एक अधिकारी नेमलेला आहे. तो रोज अंदाज बांधतो. पाऊस किती, उपनद्या किती देतील, वॉलनपॉपॅकचं वीजकेंद्र किती सोडेल. धरणातून निघालेल्या पाण्याला मॉन्टेग्यूला पोचायला दोन-अडीच दिवस लागू शकतात, म्हणून हिशेब आधीच करावा लागतो.

आता यात नदीचं काय होतं ते पाहा. कोरड्या आठवड्यात कॅननसव्हिलमधून १,००० क्युसेक सुटताहेत. पश्चिम शाखा काठोकाठ, गार, किड्यांनी भरलेली. मग पेनसिल्व्हेनियात कुठे तरी वळवाचा पाऊस झाला, मॉन्टेग्यूचा प्रवाह आपोआप वाढला, जादा पाण्याची गरज संपली आणि कॅननसव्हिलचा विसर्ग एका दिवसात किमान पातळीवर. काठाचे दगड उघडे पडतात, त्यांना चिकटलेल्या मेफ्लाय आणि कॅडिस या किड्यांच्या अळ्या सुकतात, माशांची पिल्लं डबक्यांत अडकतात. दोन दिवसांनी ऊन तापतं तेव्हा नदी उथळ आणि कोमट झालेली असते. इथले लोक याला ‘यो-यो’ म्हणतात.

कॅननसव्हिललाच हे सर्वांत जास्त भोगावं लागतं, कारण तिथलं पाणी फॉस्फरस आणि शेवाळामुळे तिन्हींत दुय्यम प्रतीचं. शहर पिण्यासाठी पेपॅक्टन आणि नेव्हरसिंकचं पाणी पसंत करतं आणि मॉन्टेग्यूची भरपाई मुख्यतः कॅननसव्हिलमधून करतं.

म्हणून माझं ठाम मत असं की वर्षाच्या एकूण पाण्यात भर घालण्याआधी उतरण सावकाश करायला हवी. विसर्ग हजारावरून दोनशेवर आणायचा असेल तर तो काही दिवस पायरी-पायरीने आणावा. २०१७च्या करारात अशा अचानक बदलांसाठीही थोडी वेगळी शिल्लक ठेवलेली आहे. दिशा बरोबर आहे, ती वाढवायला हवी.

७. उष्णता दिसल्यावर पाणी सोडलं तर चालत नाही का? आधी कशाला सोडायचं?

चालत नाही. पाणी धरणातून निघून लॉर्डव्हिलला पोचेपर्यंत तास उलटतात. दुपारी तापमान चढलेलं पाहून दार उघडलं तर गार पाणी पोचतं तेव्हा माशांनी सगळ्यांत वाईट वेळ भोगलेली असते. शिवाय वाटेतले दगड तापलेले असतात, पहिलं पाणी त्यांनाच गार करण्यात खर्ची पडतं. आदल्या संध्याकाळपासून विसर्ग वाढवला तर तेवढ्याच पाण्यात दुपटीचं काम होतं, असा नदीवर वर्षानुवर्षं वावरणाऱ्यांचा अनुभव आहे आणि मला तो पटतो.

८. हे पाणी आहे कोणाचं? निर्णय कोण घेतं?

कायद्याने पाच जणांचं: न्यूयॉर्क राज्य, न्यूयॉर्क शहर, न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर राज्य. न्यूजर्सीने न्यूयॉर्कविरुद्ध दावा लावला, १९३१ मध्ये निकाल लागला आणि शहराला खोऱ्यातून दिवसाला ४४ कोटी गॅलन उचलण्याची मुभा मिळाली. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती होम्स यांनी नदी ही नुसती सोय नसून ठेवा आहे आणि तिच्यावर ज्यांची सत्ता चालते त्यांच्यात ती वाटली गेली पाहिजे, असं म्हटलं होतं. १९५४ मध्ये हुकूमनामा दुरुस्त झाला. शहराचा हक्क ८० कोटी गॅलन झाला, म्हणजे सुमारे १,२४० क्युसेक. न्यूजर्सीला १० कोटी गॅलन मिळाले आणि मॉन्टेग्यूची अट आली.

१९६१ मध्ये डेलावेअर नदी खोरे आयोग स्थापन झाला. पण हुकूमनाम्याच्या चौकटीत काहीही बदलायचं तर पाचही पक्षांची एकमताने संमती लागते. एकाने मान हलवली नाही की गाडी थांबली. कृष्णा आणि कावेरीचे तंटे पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. या पाचांत गळकरी नाहीत, नदीकाठची गावं नाहीत आणि मासे तर नाहीतच. त्यांचा आवाज पोचतो तो राज्यांच्या खात्यांमार्फत, म्हणून त्या खात्यांकडे हरकती आणि सूचना लिहून देणं महत्त्वाचं.

९. न्यूयॉर्कच्या लाखो लोकांच्या पिण्याचं पाणी माशांसाठी सोडायचं, हे पटतं का?

पिण्याचं पाणी आधी, याबद्दल माझ्या ओळखीच्या एकाही गळकऱ्याचं दुमत नाही. शहराचं साधारण निम्मं पाणी या तीन धरणांतून येतं, तेही बहुतांश गाळण्याविना. ही व्यवस्था जपायलाच हवी.

पण शहराची तहान पूर्वीएवढी राहिलेली नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी शहर दिवसाला १५० कोटी गॅलनपर्यंत पाणी वापरायचं. गळती रोखली, मीटर बसवले, कमी पाण्याचे कमोड आले आणि वापर १०० कोटींच्या आसपास उतरला, लोकसंख्या वाढूनसुद्धा. म्हणजे हक्क ८० कोटींचा असला तरी सगळा उचलला जात नाही. बहुतेक वर्षी वसंतात बर्फ वितळतो तेव्हा जलाशय भरून सांडव्यावरून वाहतात. सांडव्यावरचं ते पाणी नदीला नको त्या वेळी, नको तेवढं मिळतं. त्यातलं काही जूनपर्यंत राखून गार स्वरूपात देता येईल का, एवढाच प्रश्न आहे. कोरड्या वर्षाचं उत्तर वेगळं आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

१०. मी एडिसनला राहतो. मासे पकडत नाही. माझा याच्याशी काय संबंध?

तुमच्या नळाशी असू शकतो. न्यूजर्सीचा १० कोटी गॅलनचा वाटा डेलावेअर-रॅरिटन कालव्यातून मध्य न्यूजर्सीला येतो. पूर्वी कोळशाच्या बोटी ज्या कालव्यातून जायच्या, तो आज पिण्याचं पाणी वाहतो. ट्रेंटन थेट डेलावेअरमधून पाणी उचलतं, फिलाडेल्फियाही.

वरून प्रवाह घटला की खाडीतून खारं पाणी वर सरकतं. १९६०च्या दशकातल्या दुष्काळात ते फिलाडेल्फियाच्या पाणी उचलण्याच्या जागेच्या दिशेने धोकादायक जवळ आलं होतं. धरणातून सुटलेलं पाणी आधी ट्राउटला गारवा देतं आणि तेच पुढे खारेपणाला मागे रेटतं. दोन्ही हितं बऱ्याचदा एकाच दिशेची असतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

११. जास्त पाणी सोडलं तर खाली पूर येईल ना?

ट्राउटसाठी सोडतात ते काही शे क्युसेक. पुरात ही नदी हजारोंनी क्युसेक वाहते. उलट आधी पाणी सोडून ठेवलं तर जलाशयात जागा राहते. सप्टेंबर २००४, एप्रिल २००५ आणि जून २००६ असे लागोपाठ तीन मोठे पूर आले, तेव्हा खालच्या गावांनी हाच मुद्दा मांडला. पानशेत किंवा उजनी भरल्यावर आपल्याकडे जी चर्चा होते, तीच. त्यानंतरच्या कार्यक्रमात हिवाळ्यात साधारण १० टक्के जागा मोकळी ठेवण्याचं उद्दिष्ट आलं. डोंगरावर साठलेल्या बर्फाचं पाणीही त्या हिशेबात धरतात. पूरग्रस्त आणि गळकरी इथे एका बाजूला असतात. ही धरणं पूरनियंत्रणासाठी बांधलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा मात्र करू नये.

१२. हिवाळ्यात मासे सुस्त असतात. तेव्हा पाणी कमी केलं तर काय बिघडतं?

खूप काही. तपकिरी ट्राउट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंडी घालतो. मादी शेपटीने गोटे उकरून खड्डा करते, अंडी त्यात जातात आणि वसंतापर्यंत गोट्यांखाली राहतात. त्या वेळी विसर्ग मोठा असेल तर मादी काठाजवळही घरटी करते. मग डिसेंबरात विसर्ग एकदम उतरवला की ती घरटी उघडी पडतात, गोठतात, आणि एक अख्खी पिढी जाते. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. तीन वर्षांनी मासे कमी का झाले म्हणून लोक विचारत बसतात.

म्हणून शरद ऋतूत जेवढं पाणी असेल तेवढंच, निदान त्यातलं बरंचसं, हिवाळाभर टिकवावं. भरमसाठ सोडून नंतर काटण्यापेक्षा मध्यम आणि स्थिर विसर्ग बरा. उन्हाळ्याच्या मागण्यांच्या गलबल्यात ही बाजू नेहमी मागे पडते.

१३. जास्त पाणी सोडल्याने ट्राउटचंच नुकसान झालं, असं होतं का?

होतं. जलाशयातलं गार पाणी म्हणजे मर्यादित साठा. जून-जुलैत ते सढळ हाताने सोडलं आणि पाऊस झाला नाही, तर ऑगस्ट-सप्टेंबरात तळाच्या विमोचकातूनही कोमट, गढूळ पाणी येऊ लागतं. मग नदीत पाणी भरपूर असूनही ती ट्राउटच्या कामाची राहत नाही.

जुलै २०१५ मध्ये कॅननसव्हिलच्या धरणाखाली, जलविद्युत प्रकल्पासाठी घेतलेल्या चाचणी विंधनांमुळे गढूळ पाझर दिसला. खबरदारी म्हणून शहराने जलाशयाची पातळी उतरवायला मोठा विसर्ग सुरू केला. धरणाच्या सुरक्षेपुढे ते योग्यच होतं, पण ऐन उन्हाळ्यात गार साठा झपाट्याने गेला.

याहून मोठं उदाहरण कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचं. पॉवेल जलाशयाची पातळी इतकी उतरली की वीजकेंद्राच्या तोंडापर्यंत वरचा कोमट थर आला. २०२२ पासून खाली लीज फेरीच्या ट्राउट-पट्ट्यात तापलेल्या पाण्याबरोबर स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासाही दिसू लागला. २०२४च्या उन्हाळ्यात अखेर वीजनिर्मितीचा तोटा सोसून खालच्या नळांतून गार पाणी मिसळावं लागलं.

१४. दुष्काळात काय करतात?

साठ्याचे टप्पे आखलेले आहेत. पातळी एकेक रेषेखाली गेली की शहराची उचल, मॉन्टेग्यूचं लक्ष्य आणि नदीचा विसर्ग, तिन्ही एकत्र कापले जातात. वाटा सगळ्यांचा कमी होतो, हे तत्त्व मला न्याय्य वाटतं. १९६५ मध्ये तसं नव्हतं. तेव्हा साठा आटल्यावर शहराने मॉन्टेग्यूसाठी पाणी सोडणं थांबवलं, खालची राज्यं खवळली आणि आयोगाला आणीबाणी जाहीर करावी लागली.

अलीकडचं पाहायचं तर २०२४चा शरद ऋतू. डेलावेअर जलवाहिनीच्या गळक्या भागाला वळसा घालणारा बोगदा जोडण्यासाठी ती वाहिनी ऑक्टोबरात बंद केली होती. पावसाने इतकी ओढ दिली की नोव्हेंबरात काम थांबवून पाणी पुन्हा सुरू करावं लागलं आणि शहराने दुष्काळाचा इशारा दिला. ही वाहिनी बंद असते तेव्हा तिन्ही जलाशयांतलं पाणी शहराकडे जाऊ शकत नाही, म्हणून एरवी खाली जास्त विसर्ग अपेक्षित असतो. काम पुन्हा हाती घेतील तेव्हा नदीवर जाण्याआधी आकडे पाहून जा.

१५. ट्राउट तर बाहेरून आणलेला मासा. त्याच्यासाठी नदीचं तापमान बदलणं बरोबर आहे का?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचं उत्तर देऊ नये. पूर्वेकडचा मूळचा फक्त ब्रुक ट्राउट. तपकिरी ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून आली, इंद्रधनुषी ट्राउट पश्चिम किनाऱ्यावरून. धरणाच्या गार पाण्यामुळे मूळचे कोमट पाण्याचे मासे त्या पट्ट्यांतून मागे हटले. समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या शॅड माशालाही फार गार पाणी मानवत नाही.

नेव्हरसिंक आणि वरच्या डेलावेअरमध्ये ड्वार्फ वेजमसल नावाचा संकटग्रस्त शिंपला आहे. तो जागचा फारसा हलत नाही. विसर्ग एकदम उतरला की तो उघडा पडतो. त्यामुळे सावकाश उतरण (प्रश्न ६) ट्राउटइतकीच त्याच्याही भल्याची आहे.

सगळीकडे असं जमत नाही. ग्लेन कॅन्यनला २००८च्या मार्चमध्ये वाळूचे काठ पुन्हा बांधायला मोठा विसर्ग सोडला. त्याने इंद्रधनुषी ट्राउटची पिल्लं भरमसाठ वाढली आणि खाली सरकून मूळच्या हंपबॅक चब माशाच्या मुळावर आली. तिथे ट्राउटच्या बाजूने बोलणं मला जड जाईल. डेलावेअरच्या वरच्या पट्ट्यात ७० वर्षांत एक नवी व्यवस्था रुळली आहे आणि खाली मुख्य नदी हळूहळू मूळ तापमानाला येते, म्हणून इथे मी ट्राउटच्या बाजूने आहे.

१६. विसर्ग वाढलेला असताना पाण्यात उतरणं सुरक्षित आहे का?

आकडा पाहिल्याशिवाय उतरू नका. पश्चिम शाखेसाठी स्टाइल्सव्हिल आणि हेल एडी, पूर्व शाखेसाठी डाउन्सव्हिल, हार्वर्ड आणि फिशेस एडी, मुख्य नदीसाठी लॉर्डव्हिल आणि कॅलिकून, नेव्हरसिंकसाठी ब्रिजव्हिल. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची ही मापन केंद्रं आहेत, आकडे आंतरजालावर दिवसभर येत राहतात. हेल एडीला हजार क्युसेकच्या वर असेल तर चालत पलीकडे जायचा विचार सोडा. वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा, कंबरपट्टा घट्ट, हातात काठी, आणि एकटे असाल तर गुडघ्याच्या वर नाही. पाणी ८ अंशांचं असतं. पडलात तर दम लगेच कोंडतो.

खालच्या पूर्व शाखेत धरण नसलेली बीव्हर किल येऊन मिळते, तीही उन्हात तापलेली. त्यामुळे डाउन्सव्हिलला पाणी गार आहे म्हणून फिशेस एडीलाही असेलच, असं समजू नका.

१७. भारतातल्या ट्राउट नद्यांना हे लागू पडतं का? महाराष्ट्रात?

थोडंच. काश्मीर आणि हिमाचलात इंग्रजांच्या काळापासून ट्राउट आहे, पण तिथली अडचण वेगळी. बहुतेक जलविद्युत प्रकल्प पाणी बोगद्यात घालून मैलोन्‌मैल खाली वीजगृहाशी सोडतात आणि मधलं पात्र कोरडं पडतं. तिथे गारव्याआधी पाणी हवं. हिमाचलने किमान १५ टक्के प्रवाह सोडण्याची अट घातली आणि तीर्थन नदी प्रकल्पांपासून मुक्त ठेवली. वरच्या गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये हंगामाप्रमाणे २० ते ३० टक्के प्रवाहाची अधिसूचना काढली.

महाराष्ट्रातल्या नद्या ट्राउटसाठी फार उष्ण. आपला मासा महसीर, आणि लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास अनेक दशकं होते आहे. त्याला सलग वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. जलाशयाच्या तळाचं कोंदट पाणी त्याच्या उपयोगाचं नाही, त्यामुळे कॅट्सकिलचं सूत्र उचलून सह्याद्रीत लावू नये.

१८. सध्याचा करार कधी संपतो? तोपर्यंत आम्ही काय मागायचं?

२०१७चा करार मे २०२८ पर्यंत आहे. पुढच्याची बोलणी त्याच्या बरीच आधी होतात, म्हणून लिहायची वेळ आताच आहे. न्यूजर्सीत राहत असाल तर न्यूजर्सीच्या पर्यावरण खात्याला लिहा. पाच पक्षांतला एक तुमचा आहे आणि न्यूजर्सीतून ट्राउटसाठी पत्रं कमीच जातात. ‘पाणी वाढवा’ एवढंच लिहिलं तर पत्र फायलीत जातं. तापमानाचा उंबरठा २४ अंशांवरून २० कडे आणा, तापमानासाठीची शिल्लक मोठी करा, विसर्ग उतरवताना दिवसाला किती टक्क्यांहून अधिक उतरवायचा नाही याची मर्यादा घाला, आणि ऑक्टोबरातल्या विसर्गाशी हिवाळ्याचा किमान विसर्ग बांधा. जमल्यास सोबत तुम्ही स्वतः मोजलेलं पाण्याचं तापमान, जागा आणि वेळ जोडा.